बुक क्लबात पुस्तकावर बोलणंच होत नसेल, तर तिथं जायचं कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ लहानपणापासून एकटेच वाचत आलेत. चार महिन्यांपूर्वी ते एका बुक क्लबात जायला लागले. नऊ-दहा जण जमतात. निम्म्यांचं पुस्तक वाचून झालेलं नसतं. पहिली दहा मिनिटं ‘मला आवडलं’, ‘मला नाही आवडलं’ असं चालतं आणि मग गाडी पुस्तकावरून घसरून कुणाच्या तरी ऑफिसात किंवा मुलांच्या परीक्षेत जाऊन थांबते. ते विचारतात, बुक क्लब म्हणजे नेमकं काय? एकट्यानं वाचून मिळत नाही असं तिथं काही मिळतं का? आणि पुढच्या महिन्यापासून चर्चा चालवायची पाळी माझ्यावर आलीय, तर मी काय करू?

उत्तर लांबणार आहे, आधीच सांगते. मी ग्रंथालयात नोकरी केली आणि गेली अठरा वर्षं वाचकांचे गट चालवते आहे. आजवर पाच झाले. त्यातले दोन बंद पडले, त्यातला एक माझ्याच हातून. ती हकिगत पुढे येईल.

तुम्ही विचारलेत तीन प्रश्न, पण मला त्यांच्या मुळाशी एकच दिसतो. तुम्ही पुस्तक वाचता, मनात काहीतरी घेऊन तिथं जाता आणि ते जसंच्या तसं घरी परत आणता. तिथं त्याचं काहीच होत नाही. याचा दोष तुम्ही माणसांना देताय, पण मला वाटतं त्यांना धरायला काही मिळत नाहीये. ‘मला आवडलं’ या वाक्यानंतर पुढचं वाक्य काय बोलणार? समोरचा ‘मलाही’ म्हणतो, नाहीतर ‘मला नाही बुवा’ म्हणतो. दोन्हीकडून विषय संपला. मग शांतता अंगावर येते आणि कुणीतरी ऑफिसचं काढतं. दहा माणसं एका खोलीत बसली की काहीतरी बोलणारच.

आता अर्थाबद्दल. ‘बुक क्लब’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला गेलाय, त्यामुळे निम्मा गोंधळ तिथंच होतो. एक अर्थ पुस्तकविक्रीचा. अमेरिकेत १९२६ मध्ये हॅरी शेरमन यांनी ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ काढला. परीक्षकांचं मंडळ दर महिन्याला एक पुस्तक निवडायचं आणि ते सभासदांना टपालानं जायचं. सभासद एकमेकांना ओळखतही नसत. काय वाचायचं हे कुणीतरी जाणत्यानं ठरवून द्यावं, एवढीच त्यातली सोय. १९९६ मध्ये ओप्रा विन्फ्री यांनी टीव्हीवरून पुस्तकं सुचवायला सुरुवात केली, तीही याच घराण्यातली म्हणायची, फक्त तिथं पुस्तकावर बोलणंही असायचं. त्यांनी नाव घेतलं की त्या पुस्तकाच्या लाखो प्रती खपायच्या. आज समाजमाध्यमांवर एखादी प्रसिद्ध व्यक्ती ‘या महिन्याचं पुस्तक’ जाहीर करते, ते याचंच पुढचं रूप.

दुसरा अर्थ, म्हणजे तुमचा-माझा, एकत्र बसून बोलण्याचा. तो त्याहून जुना आहे. १७२७ मध्ये फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन यांनी ‘जंटो’ नावाचं मंडळ सुरू केलं. तेव्हा ते स्वतः एकवीस वर्षांचे. सभासद म्हणजे छापखान्यातली, काचकाम करणारी, चांभारकी-सुतारकी करणारी माणसं. दर शुक्रवारी संध्याकाळी जमायचं आणि आळीपाळीनं प्रश्न मांडून चर्चा करायची. तो नेमका बुक क्लब नव्हता, पण आपापली पुस्तकं एका जागी ठेवून वापरायची कल्पना त्याच मंडळात निघाली आणि १७३१ मध्ये त्यातून वर्गणीवर चालणारं ग्रंथालय उभं राहिलं. मला त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच आहे. फ्रँकलिन आत्मचरित्रात लिहितात की, ठाम आग्रहानं मत मांडणं आणि समोरच्याला तोडून टाकणं यावर मंडळानं काही काळानं बंदीच घातली आणि मोडणाऱ्याला छोटासा दंड ठेवला. तीनशे वर्षांपूर्वीही कुणीतरी खोलीत बसून ‘छे, तुम्हाला कळलंच नाही’ म्हणत असणार, त्याशिवाय असा नियम कुणाला सुचत नाही.

बायकांच्या बाबतीत या गटांचं काम आणखी जड होतं. १८३९ मध्ये बॉस्टनमध्ये लेखिका मार्गारेट फुलर यांनी स्त्रियांसाठी संवादांची मालिका सुरू केली, तेव्हा तिथल्या विद्यापीठांची दारं बायकांना बंद होती. त्यांच्यासाठी ते एकत्र बसणं हेच कॉलेज होतं. आणि १९३६ मध्ये लंडनमध्ये प्रकाशक व्हिक्टर गोलांझ यांनी काढलेल्या ‘लेफ्ट बुक क्लब’मध्ये तर दोन्ही अर्थ एकत्र आले. दर महिन्याला पुस्तक घरी यायचं आणि ते वाचून चर्चा करणारे हजाराहून अधिक स्थानिक गट होते. त्या क्लबाला राजकारण घडवायचं होतं, रसास्वाद हा त्यांचा विषयच नव्हता.

हे सगळं सांगायचं कारण असं की ‘खरा’ बुक क्लब म्हणून काही एक वस्तू नाही. कुणी शिकायला जमलं, कुणी बदल घडवायला, कुणी नुसतं ओळखीपाळखीसाठी. तुमचा गट कशासाठी जमतो, हे तुम्ही विचारलंय का? मी पैजेवर सांगते, दहांपैकी तिघांचं उत्तर ‘महिन्यातून एकदा घराबाहेर पडता येतं’ असंच असेल. त्यात वाईट काही नाही, पण ते आधी माहीत असलेलं बरं.

एकट्यानं वाचून मिळत नाही असं काय मिळतं? इथं मी जरा रेंगाळणार आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटात एका कादंबरीवर बोलणं चाललं होतं. त्यात मुलगा घर सोडून जातो आणि बाप त्याला निरोप देतो, असा दीड पानाचा प्रसंग आहे. एक गृहस्थ म्हणाले, ‘बापानं तोंडावर दार लावलं तिथंच मला तो माणूस मनातून उतरला.’ दुसऱ्या बाई म्हणाल्या, ‘लावलं कुठं? तो दार उघडं टाकून उभा होता, मुलगा दिसेनासा होईपर्यंत.’ वाद पेटला. तिसऱ्यानं पहिल्याची बाजू घेतली, चौथीनं दुसऱ्यांची. पाचेक मिनिटं झाल्यावर मी म्हटलं, पान काढा. सगळ्यांनी पानं चाळली. तिथं एवढंच होतं: ‘तो आत वळला.’ दाराचा उल्लेखच नव्हता. लावलेल्या दाराचा नाही, उघड्या दाराचाही नाही. लेखकानं बापाला आत वळवून सोडून दिलं होतं आणि आम्ही दहा जणांनी आपापलं दार तिथं बसवलं होतं.

मी स्वतः लावलेलं दार बसवलं होतं. ते पुस्तक मी दोनदा वाचलं होतं.

हे वाचणाऱ्याच्या निष्काळजीपणानं होत नाही, डोकं चालतंच असं. केंब्रिजमधले मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी स्मरणावरचं आपलं काम १९३२ मध्ये पुस्तकरूपानं छापलं. त्यांनी इंग्लंडमधल्या वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर आठवून लिहायला सांगितली. लोकांनी ती नकळत बदलली. कथेतली डोंगी साधी होडी झाली, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली, न कळलेले तुकडे गळून गेले आणि कथा वाचणाऱ्याच्या जगात नीट बसेल अशी गुळगुळीत होऊन बाहेर आली. त्याच विद्यापीठात त्याआधी समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता वाचायला दिल्या आणि त्यांचे अभिप्राय लिहून घेतले. १९२९ मध्ये ते प्रसिद्ध झाले. साहित्य शिकणारी मुलं, पण कितीतरी जणांना कवितेचा साधा सरळ अर्थही लागला नव्हता, आणि तरी त्यांची मतं मात्र पक्की होती.

एकट्यानं वाचताना आपण बसवलेली दारं आपल्याला दिसत नाहीत. दिसणार कशी? ती लेखकानंच लिहिलीत असं आपण मानून चालतो. दुसरा कुणी त्याच ओळीवर वेगळं दार बसवून आला, की पहिल्यांदा लक्षात येतं की इथं मोकळी जागा होती. माझ्या मते बुक क्लबचं काम एवढंच आहे: तुमचं वाचन तुम्हाला बाहेरून दाखवणं. ते होत असेल, तर तास-दीड तास सार्थकी लागला. ओळखी वाढणं, नवी पुस्तकं कळणं, महिन्याला एक तरी पुस्तक वाचून होणं, हे सगळं चांगलंच आहे, पण ते इतर मार्गांनीही मिळतं.

आणि यातूनच चर्चा कशी चालवायची याचं उत्तर निघतं. दोन माणसांच्या मतांची टक्कर ‘आवडलं-नावडलं’ या पातळीवर झाली, तर हातात काही येत नाही. ती एका ओळीवर झाली पाहिजे. त्यामुळे मी अभिप्रायापासून सुरुवात करत नाही, पानापासून करते.

माझी रीत अशी आहे. सगळे बसले की प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी. त्यावर लिहायचं फक्त एवढंच: पुस्तकात तुम्ही कुठं थांबलात, तो पान क्रमांक आणि त्या वाक्याचे पहिले चार शब्द. थांबण्याचं कारण काहीही असो. कळलं नाही, खटकलं, दोनदा वाचावंसं वाटलं, पटलं नाही, हसू आलं. कारण लिहायचं नाही. तीन-चार मिनिटं लागतात. मग मी चिठ्ठ्या गोळा करते आणि पान क्रमांकानुसार लावते. जिथं दोन-तीन चिठ्ठ्या एकाच पानावर किंवा आसपास पडतात, तिथून सुरुवात. तिथं कुणी चुकून थांबलेलं नसतं. आणि जवळजवळ दर वेळी त्या दोन-तीन जणांची थांबण्याची कारणं वेगवेगळी निघतात. तो प्रसंग आधी मोठ्यानं वाचायचा, मग बोलायचं.

यात एक अडचण येते. प्रत्येकाकडे वेगळी आवृत्ती, कुणी मोबाइलवर वाचलेलं, कुणी ऐकलेलं. पानं जुळत नाहीत. त्यासाठीच चार शब्द लिहायचे, शिवाय प्रकरणाचा आकडा. ऐकणाऱ्यांनी प्रकरण आणि मिनिट टिपून आणायचं. ऐकणाऱ्यांना कमी लेखू नका. वाचणारे ज्या ओळी डोळ्यांखालून घालून पुढे जातात, त्या त्यांच्या कानाला बरोब्बर अडकलेल्या असतात.

चिठ्ठी लिहून घेण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते माझ्या दृष्टीनं जास्त मोठं. पहिल्यांदा बोलणारा माणूस सगळ्या सभेला वळण देतो. त्यानं खात्रीच्या सुरात ‘अगदीच कृत्रिम वाटलं’ म्हटलं, की ज्यांना पुस्तक भिडलेलं असतं, ते आपलं वाक्य गिळतात. १९५० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी केलेले प्रयोग तुम्ही ऐकले असतील. रेघांची लांबी ओळखायची, इतकं सोपं काम. पण खोलीतली बाकीची माणसं आधीच फितवलेली असायची आणि ठरवून चुकीचं उत्तर द्यायची. मग खरा सहभागी माणूसही सुमारे एक तृतीयांश वेळा त्यांच्यासारखंच चुकीचं बोलायचा. मात्र खोलीत एक जरी माणूस बरोबर उत्तर देणारा असला, तर हे प्रमाण एकदम घसरायचं. रेघेच्या बाबतीत ही गत, तर कवितेच्या बाबतीत काय होत असेल! चिठ्ठी आधी लिहिली की माणूस कागदावर तरी आपल्या जागी उभा राहिलेला असतो. आणि त्याच पानावर आणखी एकाची चिठ्ठी निघाली की त्याला सोबत मिळते.

पुस्तक न वाचताच बैठकीला येणाऱ्यांचं काय करायचं, हा तुमचा दुसरा त्रास. इथं मी तुमच्यापेक्षा सौम्य आहे. आधी हिशेब करा. नोकरी-घर सांभाळून माणूस दिवसाला दहा पानं वाचतो असं धरलं, तर महिन्याला तीनशे होतात, तेही एकही दिवस चुकला नाही तर. तुम्ही साडेचारशे पानांची कादंबरी ठेवली असेल, तर निम्मे लोक न वाचताच येणार, हे पुस्तक निवडलं त्याच दिवशी ठरलं. आमच्याकडे अडीचशे पानांच्या वरचं पुस्तक आलं की ते दोन बैठकांत विभागतो आणि पहिल्या बैठकीत कुठवर यायचं ते प्रकरण सांगून ठेवतो.

आणि पुस्तक अर्धं सोडलेल्यांनाही मी चिठ्ठी देते. त्यांनी सोडलं तो पान क्रमांक लिहायचा. एकदा चौघांनी एकच पुस्तक पन्नास ते साठ पानांच्या दरम्यान खाली ठेवलं होतं. त्या दहा पानांत असं काय आहे, हे शोधण्यात आमची सगळी संध्याकाळ गेली. निवेदक तिथं बदलतो आणि लेखक ते सांगत नाही, असं निघालं. पुस्तक पुरं केलेल्या सहांपैकी दोघांनाही ते कळलं नव्हतं, ते तसेच नेटानं पुढे वाचत गेले होते. फक्त एक नियम आधीच जाहीर करून ठेवा: शेवटाबद्दल मोकळेपणानं बोललं जाईल, कुणासाठी लपवलं जाणार नाही. नाहीतर चर्चा सतत कुबड्या घेऊन चालते.

पुस्तक कोण निवडतं तेही बघा. मतदानानं निवडत असाल तर माझा सल्ला आहे, थांबवा. मतदानात जिंकतं ते सगळ्यांना थोडं थोडं चालेल असं पुस्तक, आणि अशा पुस्तकावर बोलायला कुणाकडेच काही नसतं. पाळीपाळीनं एकेकानं निवडावं. ज्यानं निवडलं त्यानं मात्र सर्वांत शेवटी बोलायचं, आणि पुस्तकाचं वकीलपत्र घ्यायचं नाही. हे जमायला वेळ लागतो. आपण निवडलेल्या पुस्तकाला कुणी नावं ठेवली की आपल्या घरातल्या माणसाला ठेवल्यासारखं वाटतं. माझ्या अनुभवात उत्तम चर्चा होते ती ज्यात एखाद्या पात्रानं वादग्रस्त निर्णय घेतलाय अशा पुस्तकांवर. सगळे मान्य करतात की हे थोर आहे, अशा पुस्तकावर चर्चा न होता आरती होते. कथा-कादंबरी नसेल, माहितीपर किंवा वैचारिक पुस्तक असेल, तर चिठ्ठीवर ‘कुठं थांबलात’च्या ऐवजी ‘कुठल्या विधानाची खात्री करून घ्यावीशी वाटली’ असं विचारा.

आता माझ्या हातून बुडालेल्या गटाची गोष्ट. नवीन होते, उत्साह दांडगा. प्रत्येक पुस्तकावर मी चौदा प्रश्न टाइप करून आठवडाभर आधी सगळ्यांना पाठवायचे. पात्ररचना, प्रतिमा, काळ, शीर्षकाचा अर्थ, सगळं. पहिल्या बैठकीला अकरा जण होते. तिसऱ्या बैठकीत एकानं माझ्या प्रश्नाला उत्तर देऊन माझ्याकडे बघत विचारलं, ‘बरोबर आहे ना?’ मला तेव्हा ते गोड वाटलं. सहाव्या बैठकीला चार जण उरले, आठव्याला मी आणि रिकाम्या खुर्च्या. मी वर्ग भरवला होता, आणि शाळा एकदा संपलेल्या माणसाला पुन्हा शाळेत कोण घालणार?

तेव्हापासून मी फक्त दोन प्रश्न तयार ठेवते आणि बऱ्याचदा तेही लागत नाहीत. चर्चा चालवणाऱ्याला खरं तर एकच वाक्य पाठ हवं: ‘हे पानावर कुठं दिसलं?’ सूर मात्र उलटतपासणीचा नको, खरोखर बघायचंय असा हवा. ‘नायिका स्वार्थी आहे.’ कुठं दिसलं? माणूस पानं उलटतो, एक जागा सापडते, वाचून दाखवतो आणि वाचता वाचता स्वतःच म्हणतो, ‘इथं तेवढी स्वार्थी वाटत नाही हो.’ हे मी कितीदा पाहिलंय! ‘लेखकाला काय म्हणायचंय?’ हा प्रश्न मात्र टाळा. तो विचारला की लोक परीक्षेला बसतात. त्यापेक्षा ‘इथं लेखकाला दुसरं काय करता आलं असतं?’ असं विचारलं तर तोंडं उघडतात.

शांततेला घाबरू नका. प्रश्न विचारून झाला की मी मनात दहा आकडे मोजते. सातव्या-आठव्याला कुणीतरी बोलतंच, आणि बहुधा ते नेहमी न बोलणारं माणूस असतं. आणि फार बोलणाऱ्याला समोर बसवू नका, शेजारी बसवा. समोर बसला की सारखी नजरानजर होते आणि दर वेळी ते त्याला बोलण्याचं आमंत्रण वाटतं. शेजारच्याला ते मिळत नाही. कुणाचा अपमान न करता निम्मं काम खुर्चीनं होतं.

एवढं हाताशी आलं: पानापासून सुरुवात, बोलण्याआधी चिठ्ठी, पुस्तक झेपेल एवढं, निवडणारा शेवटी, आणि तुमच्याकडे प्रश्न कमी. आता त्या ऑफिसच्या आणि मुलांच्या गप्पांकडे वळते, कारण तिथं मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही.

त्या दाराच्या चर्चेत पुढे काय झालं ते राहिलंच. पान वाचून झाल्यावर सगळे थोडे ओशाळून हसत होते. तेवढ्यात सात महिन्यांत चार वाक्यंही न बोललेल्या एक बाई म्हणाल्या, ‘माझ्या वडिलांनी लावलं होतं.’ एवढंच. अर्धा मिनिट कुणी बोललं नाही. मीही बोलले नाही, हे त्या संध्याकाळचं माझं सर्वांत शहाणपणाचं काम. मग त्यांनी चार-पाच वाक्यांत सांगितलं आणि आम्ही पुन्हा पुस्तकाकडे आलो. त्यानंतर त्या प्रसंगातला बाप आमच्यापैकी कुणालाच पूर्वीसारखा वाचता आला नाही.

तेही खासगीच बोलणं होतं. मुलांच्या परीक्षेच्या गप्पांत आणि त्यात फरक एवढाच की ते एका ओळीतून निघालं आणि त्याच ओळीवर परत आलं. त्यामुळे कुणी स्वतःचं काही सांगायला लागलं तर लगेच ‘विषयावर या’ म्हणू नका. पुरतं ऐका आणि मग विचारा, ‘हे तुम्हाला कुठल्या जागेवरून आठवलं?’ जागा असेल तर चर्चेला खोली येते. नसेल तर त्यांना स्वतःलाच कळतं आणि तेच हसून थांबतात. नुसत्या गप्पांसाठी शेवटची पंधरा मिनिटं वेगळी राखून ठेवली तर आणखी चांगलं. दीड तासाची बैठक असेल तर सव्वा तास पुस्तकाचा, बाकीचा माणसांचा.

हे सगळं तुमच्या गटाला लागू पडेलच असं नाही, आणि ते परिस्थितीवर आहे. जुन्या मित्रमंडळींनी भेटीला निमित्त म्हणून पुस्तक धरलं असेल, तर त्यांना सुधारायला जाऊ नका. तुमचे चांगले संबंध बिघडतील आणि चिठ्ठ्या कचऱ्यात जातील. गट ऑफिसातला असेल आणि साहेबही येत असतील, तर त्यांना पहिल्यांदा बोलू देऊ नका, नाहीतर बाकीचे पुस्तकाऐवजी साहेब वाचतात. ऑनलाइन भेटत असाल तर दहा जण जास्त होतात, सहा पुरेत, आणि तासाभराच्या वर ताणू नका. पुस्तक वाचून येणं लोकांना खरंच जमत नसेल, तर तिथंच बसून मोठ्यानं वाचा. लिव्हरपूलमध्ये जेन डेव्हिस यांनी उभ्या केलेल्या वाचनगटांच्या कामात हीच पद्धत आहे. आधी वाचून यायचं नाही, एक कथा किंवा कविता एकत्र वाचायची, मध्ये मध्ये थांबून बोलायचं. मी आजारी माणसांच्या आणि वृद्धांच्या गटांत हे करून पाहिलंय. तिथं एवढंच चालतं आणि फार छान चालतं.

आणि तुम्हाला स्वतःला मुळात चर्चा नकोच असेल, हेही शक्य आहे. त्यात कमीपणा नाही. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दोन मैत्रिणींनी ‘सायलेंट बुक क्लब’ सुरू केला. सगळ्यांनी आपापलं पुस्तक घेऊन यायचं, एकत्र बसून तासभर गुपचूप वाचायचं, नंतर वाटलं तर बोलायचं. तो प्रकार आता अनेक देशांत आहे. दाराचा शोध तिथं लागणार नाही, पण वाचायला बसणं होतं, आणि पुष्कळांची अडचण तेवढीच असते.

तुमच्या पाळीच्या बैठकीसाठी माझं सांगणं असं. दोन दिवस आधी सगळ्यांना निरोप पाठवा: ‘पुस्तक जेवढं झालं असेल तेवढं घेऊन या, एक जागा खूण करून आणा.’ नियमावली पाठवू नका. कोऱ्या चिठ्ठ्या आणि चार पेनं न्या, पेन कुणाकडेच नसतं. पहिली बैठक अडखळत होईल. कुणीतरी ‘हे काय शाळेसारखं’ म्हणेल, हसा आणि चिठ्ठी द्या. दुसऱ्या वेळी लोक आपणहून पानाला खूण घालून येतात. तीन बैठका बघा. तिसऱ्या वेळीही चिठ्ठी लिहिणारे दोघंच निघाले, तर त्या दोघांचे नंबर घ्या आणि मूळ गटाचा निरोप घ्या. दोन-तीन जणांचा गट लहान वाटेल, पण माझा तिसरा गट पहिले पाच महिने तिघांचाच होता, आणि त्यातली एक जण तर दर वेळी साठाव्या पानाच्या पुढे गेलेलीच नसायची.